कुबट

बँगोर. बंगलोर नव्हे, फोनवर दरवेळी सांगावं लागतं.
वेल्सच्या टोकाला, जिथे छपरं पाटीच्या दगडाची
आणि खाडीचं पाणी दिवसातून दोनदा निघून जातं.

तळघरातली खोली. लाल दिवा.
चिलटांना लाल दिसत नाही, त्यांच्यासाठी हा काळोख,
आमच्यासाठी नुसताच डोळे चुरचुरणारा उजेड.
शंभर चिलटं एका नळीत.
ऑक्टॅनॉलचा वास, त्यासोबत मिनिटभरात बारा झटके.
मग दुसरा वास, झटक्याविना.
मग दुहेरी वाट : डावीकडे हा, उजवीकडे तो.
बहुतेक शहाणी होतात.
काही आमच्यासारखी निघतात.

नळ्या नेरिस लावते. एकोणीस वर्षं लावतेय,
बेथेस्डाहून बसने येऊन.
गेल्या मार्चमधल्या तापानंतर तिला वास येत नाही.
"आज कोणता?" ती विचारते.
मी इंग्रजीत चाचपडते : दमट, मश्रूमसारखा...
ती मान हलवते. मश्रूमला तरी आता कुठे वास आहे.
एकदा चुकून तोंडून निघालं : कुबट.
ती थांबली. पुन्हा म्हण.
कुबट.
बंद पेटीचं झाकण उघडल्यासारखं वाजतं, म्हणाली,
आणि नळीवर चिकटपट्टी लावून लिहिलं, तिच्या गोल अक्षरात.

मग मागतच सुटली.
यीस्टचं भांडं आंबूस. उकळती काकवी खमंग.
तळाला लागलं की करपट.
दुसऱ्या वासाला मात्र नाव मिळेना,
कापूर घातलेला जुना बूट, एका शब्दात मावत नाही.
तो 'दुसरा'च राहिला.

चिलटाच्या मेंदूत अळंबीच्या आकाराचा एक गड्डा असतो.
(ऑक्टॅनॉललाही अळंबीचाच वास. योगायोग.
मी त्यावर फार विसंबत नाही.)
एकेका बाजूला दोनेक हजार पेशी,
एका वासाला त्यातल्या थोड्याच जाग्या होतात,
रात्री इमारतीत मोजक्या खिडक्या दिसाव्यात तशा.
झटका बसला की डझनभर पेशी डोपामिन सोडतात,
थेंब म्हणणंही जास्त होईल इतकं,
आणि त्या जाग्या खिडक्यांपुरता
'जवळ जा' म्हणणारा आवाज खाली येतो.
भीती नवं काही बोलत नाही.
जुनं बोलणं हळू होतं, एवढंच.

पण त्यातल्याच काही पेशी नंतरही पाझरत राहतात,
झटका नसताना, कारण नसताना,
आणि लिहिलेलं पुसत जातात.
तेच रसायन.
चिलट झोपलं की पाझर मंदावतो, आठवण टिकते.
जागं राहिलं, भिरभिरलं, की गेली.

हे सांगितलं तेव्हा नेरिस भांडं घासत होती.
म्हणाली, म्हणजे ओवेन गेल्यावर
वर्षभर मी झोपून काढलं
ते चुकलंच की.
नळ तसाच वाहत राहिला.
चिलटांवरून माणसांचं काही ठरत नाही,
असं मी म्हणायला हवं होतं.
ते खरंही आहे.

नोव्हेंबरातला मंगळवार. दारातून आत येता येताच ती :
"करपट!"
मी शेगडीकडे धावले.
शेगडी बंद. भांडं धुतलेलं, पालथं.
"येतोय," ती म्हणाली, ओला कोट अंगात तसाच,
"खोटा असेल. डॉक्टर म्हणाली होती, आधी खोटे येतात.
पण येतोय."
नाकपुड्या कुत्र्यासारख्या हलत होत्या तिच्या.
मी ऑक्टॅनॉलची बाटली उघडून समोर धरली.
बराच वेळ.
नाही, ती म्हणाली. मग : थांब.
मग : नाही.

दिवा लाल केला, नळ्या लावल्या.
तीन तासांपूर्वी शिकवलेली शंभर चिलटं वाटेवर सोडली.
एकोणसत्तर 'दुसऱ्या'कडे गेली.
उरलेली एकतीस सरळ कुबटाकडे,
जणू काही झालंच नव्हतं.
नेरिसने मोजली. मी आकडा लिहिला.
मग तिने माझ्या हातातून पेन घेतलं
आणि एकतीसखाली एक रेघ ओढली.